मांकाच्या वाटीतलं मांस

माचामे, ३ जून १९९४

विफी मकुंडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू तसंच चुलीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. सोळा वर्षांत आपण दोघी विफींनी, नणंद-भावजयींनी, एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. तुझा भाऊ गेला तेव्हा मी तार केली होती, तरी तू आली नाहीस. त्यावरून भांडायला मी बसलेली नाही.

बातमी चांगली आहे. आपल्या एलिनामीच्या बायकोला मुलगी झाली. आज तेवीस दिवसांची आहे. पहिली मुलगी म्हणून रिवाजाप्रमाणे तिला आजीचं, म्हणजे माझं नाव ठेवलं. आता या घरात दोन ऐकारुवा झाल्या. तुला एकसुद्धा जास्त होत होती, हे मला माहीत आहे.

सुनेचं नाव मांका. रोंबोची आहे, डोंगराच्या पार पलीकडच्या अंगाची. पोर गुणी आहे, हसरी आहे, फक्त आपली माचामेची बोली तिला ओ की ठो कळत नाही. मी तिच्याशी स्वाहिलीत बोलते आणि मनातलं वाईटसाईट आपल्या बोलीत पुटपुटते, त्यामुळे आमचं छान जमतं. एलिनामी कॉफीच्या ट्रकवर असतो, शनिवारी येतो, सोमवारी जातो. मधले दिवस आम्ही तिघीच.

आता कामाचं. बाळंतिणीला तीन महिने घराबाहेर पडू द्यायचं नाही, चुलीला हात लावू द्यायचा नाही आणि सासूनं तिला रोज म्तोरी करून घालायची, हे मी तुला सांगायला नको. मी रोज करते. केळी ताजी हिरवी, मांस सकाळी कापलेल्या बैलाचं, गुडघ्याचं हाडसुद्धा सोडत नाही. पण गेल्या आठवड्यापासून मांका वाटी हातात घेते, चमचा फिरवते आणि विचारते, "आई, यात मांस नाही घातलंत?"

मकुंडे, मांस असतं. मी स्वतः घालते.

तुझी आई म्तोरी फार सुरेख करायची, असं सगळी आळी म्हणायची. ती त्यात काय घालायची ते तुला आठवतं का? लोणी आधी की शेवटी? एवढंच विचारायला लिहिलं. बाकी काही नाही.

तुझी भावजय,
ऐकारुवा


माचामे, ११ जून

विफी,

उत्तर नाही. तुझ्या म्वांझाला, तळ्याकाठी, बस दोन दिवसांत पोचते, मी कंडक्टरला विचारून आले. म्हणजे तू मुद्दाम गप्प आहेस. गप्प बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. मिशनच्या शाळेत बाईंनी छडी मारली तरी तुझं तोंड उघडायचं नाही. मला या घरात सून म्हणून आणायचं होतं तेव्हा मात्र चांगलं चुरूचुरू बोलत होतीस. "माझा भाऊ देवमाणूस आहे, माझी आई तुला लेकीसारखी वागवेल." आठवतंय ना?

मी म्तोरी कशी करते ते लिहिते. कुठं चुकत असेल तर सांग.

आधी हाड आणि मांस मिठाच्या पाण्यात चुलीवर चढवते. ते रटरटत असताना हाताला तेल चोळून केळी सोलते, नाहीतर चिकानं बोटं काळी होतात. सोललेली केळी लगेच पाण्यात. सालं गाईला. मांस बोटानं दाबलं की तुटायला लागलं की बाहेर काढून ठेवते, आणि त्याच रश्श्यात केळी, कांदा, टोमॅटो टाकते. केळी फुटेपर्यंत शिजवायची, मग लाकडी रवीनं घुसळून घुसळून गुठळी राहू द्यायची नाही. मग मांस हातानं कुसकरून परत घालायचं, दूध आणि लोणी शेवटी. यात काही चूक आहे? मला तर दिसत नाही.

मंगळवारी मी एकाच डावानं दोन वाट्या भरल्या. एक माझी, एक तिची. माझीत मांसाचे धागे डोळ्यांना दिसत होते. तिचीतही दिसत होते, मी भरताना पाहिले. चुलीच्या खोपटातून घरात जायला अंगणातली दहा पावलं. धुकं होतं, जूनमध्ये असतंच. वाटी तिच्या हातात दिली तेव्हा वर नुसतं पांढरट पाणी होतं आणि खाली थोडा केळ्याचा गाळ.

मी परत गेले. पातेल्यातून अंगठ्याएवढा तुकडा उचलला, मुठीत धरून आणला आणि माझ्या हातानं तिच्या तोंडात घातला. तिनं तोंड मिटलं. चावली नाही. मग हसून म्हणाली, "आई, नुसतं बोट घातलंत!" माझी बोटं तुपकट होती, मकुंडे. ती मी दिवसभर पदराला पुसत होते.

काल दुपारी आत गेले तर ती खाटेवर नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, केळीच्या वाळक्या पानांवर बसली होती. पानं कुणी अंथरली ते मला माहीत नाही. वाटी डाव्या हातात होती आणि उजवा हात मांडीवर उलटा पडला होता. पोर उजव्या हाताची आहे. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाणी पाजतेस का गं मला, ऐकारुवा?"

आपल्या बोलीत. आणि नावानं. कुठली सून सासूला नावानं हाक मारते?

मी म्हटलं, "काय म्हणालीस?" तर ती डोळे चोळत उठली. "काही नाही आई. जरा डोळा लागला होता वाटतं. मी खाली कशी आले?"

बाहेर बारा वाजले होते. धुक्यात गाय दिसत नव्हती, नुसती रवंथ करताना ऐकू येत होती.

तुझ्या आईचा उजवा हात शेवटची दोन वर्षं गेलेला होता. हे मी आपलं सहज लिहिलं. तू लोण्याचं तेवढं कळव.

ऐकारुवा


माचामे, १९ जून

मकुंडे,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आता लिहावी लागतेय.

म्तोरीची केळी मी तुझ्या आईच्या थडग्यावरच्या बेटातून तोडली.

कानांवर हात ठेवू नकोस, आधी ऐक. मे महिन्यात वारा झाला. आपल्या बागेतल्या म्शारे केळी सगळ्या आडव्या झाल्या, आणि म्तोरीला तीच जात लागते, दुसरी घुसळली की चिकट होते. उभं होतं ते फक्त ते एक बेट. थडग्यावरचा घड घरच्या लेकीनं तोडायचा, सुनेनं कोयता लावायचा नाही, हे मला तुझ्या आईनंच शिकवलं होतं. तू गेलीस तेव्हापासून तिथले घड पिकून गळायचे, पक्षी खायचे. कुणी हात लावत नव्हतं. पण सून बाळंत झालेली, घरात केळं नाही, आणि मेलेल्या माणसाला केळी कशाला हवीत? मी असा विचार केला. मी कोयता लावला.

शेजारच्या न्सियाच्या आईनं खुंट पाहिला. ती म्हातारी तुला माहीतच आहे, दुसऱ्याच्या बागेत तिचं जास्त लक्ष. म्हणाली, "तिचा घड तू तोडलास? तूच? अगं, दुसरं कुणी नव्हतं का आळीत?" आणि तिच्या बागेतला घड मला देऊन गेली. मी त्याची केली. पातेलंही बदललं. मांकाच्या वाटीत तेच पाणी.

आता नीट वाच, कारण खरी गोष्ट ही आहे. मांकाचं दूध आटतंय. पोर ओढते, ओढते आणि रडते. मांका दिवसाला चार वाट्या खाते आणि तिच्या गळ्याची हाडं वर आली आहेत. दवाखान्यातली नर्स येऊन गेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सुनेला जेवायला देत जा." मला! ते ऐकून मला इतकी लाज वाटली की मी तिला पातेलंसुद्धा दाखवलं नाही. गाईचं दूध पातळ करून पोरीला पाजलं तर सगळं उलटून पडतं. चाळीस दिवसांची होईल आता. या घरात मी एक पोर चाळीस दिवसांची असताना मातीत घातली आहे. दुसरी घालणार नाही.

मांका ज्या आवाजात बोलते तो कुणाचा आहे, हे मी लिहीत नाही. तू ओळखशील. ती माझ्या हातचं घेणार नाही. लेकीच्या हातचं घेईल. म्हणून तू ये.

पाकिटात कुंपणावरचं पान घातलं आहे, माफीची गाठ मारून. गाठीचं पान घरी आलं की वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. तूही म्हणू नकोस.

ऐकारुवा


माचामे, २८ जून

मकुंडे,

पान परत आलं. गाठ सोडवलेली. कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, माफी कशाची ते आधी लिहा." सगळ्या बसस्टँडसमोर. न्सियाची आई तिथंच उभी होती, म्हणजे आता चर्चमध्ये वेगळं सांगायची गरज नाही.

गाठीचं पान परत करणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. तळ्याकाठी मासे खाऊन रीतभात विसरलीस काय?

माफी कशाची विचारतेस, तर आधी माझं ऐक. मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिली मुलगी झाली, तिला तुझ्या आईचं नाव ठेवलं. तीन महिने तुझ्या आईनं मला म्तोरी घातली. तू तेव्हा बोर्डिंगच्या शाळेत होतीस, तुला काय माहीत. काय घातलं? पाणी. मांस तुझ्या वडिलांच्या ताटात, तुझ्या भावाच्या ताटात, पाहुण्यांच्या ताटात. मी विचारलं तर म्हणायची, "आमच्या वेळी एवढंही नव्हतं." माझं दूध आटलं. चाळिसाव्या दिवशी पोर गेली. तुझ्या आईनं एक चांगलं फडकं दिलं गुंडाळायला आणि दुसऱ्या दिवशी मला गवत कापायला पाठवलं. तुझा देवमाणूस भाऊ काही बोलला नाही. आळीत सगळे म्हणायचे, सासूनं किती सेवा केली हो, रोज पातेलं चुलीवर. आणि मी मान हलवायचे.

हे सगळं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझी आई होती, म्हणून.

तरीसुद्धा मी तिला तिच्या शेवटच्या आजारात रोज माझ्या हातानं भरवलं. तू थडग्यापाशी सगळ्यांदेखत मला विचारलंस, आणि मी थडग्याची माती जिभेवर ठेवून शपथ घेतली. आणखी काय हवं तुला?

काल मांकानं पोरीला अंगावरून काढलं आणि खाली ठेवलं. रोंबोची पोर, पण बोलली आपल्या बोलीत, हळू, दात नसल्यासारखी. "ही रडत नाही गं आता. तुझीपण शेवटी रडत नव्हती."

पोर खरंच रडत नाही. नुसते डोळे उघडे असतात. एलिनामी शनिवारी आला, त्यानं बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, घरात सगळं ठीक आहे ना?" माझा मुलगा, मकुंडे. तो माझ्याकडे कसा बघत होता ते तुला सांगता येणार नाही.

ऐकारुवा


माचामे, २ जुलै

मकुंडे,

जिंकलीस. लिहिते.

तुझ्या आईच्या शेवटच्या आजारात तू मोशीला होतीस. दर पंधरवड्याला बसनं मांस पाठवायचीस, केळीच्या पानात बांधून, वर चिठ्ठी. "आईला मऊ करून घाल." मी शिजवायचे. मांस तुझ्या भावाला वाढायचे, एलिनामीला वाढायचे, मी खायचे. तिला वरचं पाणी, थोडं केळं घुसळून. पहिल्यांदा मी स्वतःला म्हटलं की दात नाहीत, मांसाचं ती काय करणार. ते खोटं होतं. कुसकरून घालता आलं असतं. मला माहीत होतं.

तिचे डोळे गेले होते. वाटी डाव्या हातात घेऊन ती विचारायची, "यात मांस कुठंय, ऐकारुवा?" मी म्हणायचे, "आहे की! तुम्हाला दिसत नाही." ती चमच्यानं वाटी ढवळत बसायची. शोधायची. मी दारात उभी राहून बघायचे. मला बरं वाटायचं, मकुंडे. वीस वर्षांपूर्वीची माझी वाटी मला आठवायची आणि बरं वाटायचं. कधी कधी तर तिच्यासमोरच बसून मी चावून खायचे, आवाज करत. तिला ऐकू चांगलं यायचं.

शेवटच्या तीन दिवसांत मी तेही दिलं नाही. ती मागत नव्हती, म्हणून. म्हणजे तोंडानं मागत नव्हती. पदर धरायची. मी सोडवून घ्यायचे.

ती गेल्यावर तू आंघोळ घालायला बसलीस आणि तिच्या फासळ्या पाहून माझ्याकडे वळलीस, तेव्हा मला वाटलं तू मला मारशील. तू थडग्यापाशी पोचल्यावर फक्त विचारलंस, "जेवत होती का?" मी शपथ घेतली. खोटी घेतली. त्याच मातीवर ते बेट उगवलं.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. मला ते म्हणायला तोंड नाही. तिनं माझी पोर उपाशी मारली म्हणून मी तिला उपाशी मारलं, आणि आता आम्हा दोघींच्या मध्ये रोंबोची एक पोर आणि बावन्न दिवसांचं बाळ मरतंय, ज्यांनी कुणाचं काही केलं नाही. माझ्या नावाची पोर आहे. मी तिला उचलते तेव्हा हाताला वजनच लागत नाही.

पान पुन्हा पाठवते. गाठ मारली आहे. या वेळी कशाची ते तुला माहीत आहे.

ये.


माचामे, २१ ऑगस्ट

विफी,

तू म्वांझाला सुखरूप परत पोचलीस हे कंडक्टरनं सांगितलं. त्यानं तुझ्याकडचे सुके मासेही दिले, आणि वासावरून वाटेत त्यातले दोनचार खाल्लेलेही दिसतात.

आधी तुला हवं ते सांगते. छोटी ऐकारुवा गुबगुबीत झाली आहे. मांडीला वळ्या पडल्या आहेत. भूक लागली की अशी बोंबलते की न्सियाची आई कुंपणापलीकडून विचारते, कोण मारतंय गं पोरीला? मांका हसते, गाते आणि आपल्या बोलीतले दोन शब्द जरी बोलायला गेली तरी इतकं चुकीचं बोलते की मला आनंदानं रडू येतं. तिला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. तिला वाटतं, तिला ताप आला होता आणि नवऱ्याची आत्या भेटायला आली होती.

तू आलीस तेव्हा मला वाटलं होतं, तू पदर खोचून चुलीपाशी बसशील आणि मी सुटेन. तू स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, "मी हात लावणार नाही. रांध तूच. आणि वाढताना खरं बोल." मला तेव्हा तुझा इतका राग आला होता. पण तुझं बरोबर होतं. थडग्यावरचा घड तेवढा तू तोडलास, बाकी सगळं मी केलं. वाटी घेऊन त्या कोपऱ्यापाशी गेले आणि तुला लिहिलं होतं ते सगळं तुझ्या आईच्या तोंडावर बोलले. पातेल्याचं, चावण्याच्या आवाजाचं, पदराचं. तू दारात होतीस. वाटीत मांस होतं ते तू पाहिलंस. तिनं डाव्या हातानं चमचा घेतला, चावलं, गिळलं, आणि तू तोंडावर हात दाबून बाहेर गेलीस. गाईच्या गळ्यात पडून रडलीस, ते मला ऐकू आलं.

तू बाहेर होतीस तेव्हाचं मी तुला सांगितलं नव्हतं. पाच दिवस तू इथं होतीस, आपण एका पलंगावर झोपलो, शाळेतल्या बायांच्या नकला केल्या, इतकं हसलो. तरी मी बोलले नाही. आता सांगते, कारण पुढे तुझी मदत लागणार आहे.

वाटी रिकामी झाल्यावर तिनं माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. घट्ट. म्हणाली, "माझं पोट भरलं, ऐकारुवा. पण ही भूक आता ठेवू कुठं? ती टाकून देता येत नाही." आणि खाटेवरच्या पोरीकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग विचारलं, "हिच्याकडे ठेवू?"

मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवा."

तिनं मनगट सोडलं. मांका डोळे चोळत म्हणाली, "आई, आणखी आहे का?" आणि तू आत आलीस. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत पोरीला पोटभर दूध मिळालं, ते तुला माहीतच आहे.

तेव्हापासून मी जे खाते ते पाणी असतं. तू केलेले मासे खाल्ले, छान झालेत म्हणाले. पाणीच होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्यांदा घेतले. मक्याचं, रताळ्याचं, दुधाचं, सगळ्याचं तेच. तक्रार म्हणून लिहीत नाही. मी स्वतःहून घेतलं आहे, आणि पोरीला रडताना ऐकलं की मला त्याचं काही वाटत नाही. गेल्या आठवड्यात एलिनामी आणि मांका मला मोशीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यांनी मांकाला विचारलं, "यांना जेवायला काय देता?"

मांकाचे तीन महिने त्याआधीच संपले, ती बाहेर पडली, गळ्यात मणी घालून सगळ्या आळीत मिरवली. आता चूल तिच्याकडे आहे. सासू बारीक होत चाललीय म्हणून रोज माझ्यासाठी म्तोरी करते. मांस एवढं घालते की रवी उभी राहते, असं न्सियाची आई म्हणते. मांसाला कात्री लावायची नाही, असं तिनं नवऱ्याला बजावलंय. माझ्यासमोर बसून, माझं तोंड पुसत, पोरीला मांडीवर घेऊन मला भरवते. मी म्हणते, फार सुरेख झालीय. ती म्हणते, "मग अंगी का लागत नाही, आई?" आणि तिचे डोळे भरून येतात.

मकुंडे, मी फार दिवसांची नाही. मला आंघोळ घालायला आळीतल्या बायका जमतील, आणि फासळ्या दिसतील. आपल्या बायका कशा आहेत ते तुला माहीत आहे. परकी सून, डोंगरापलीकडची. सगळ्या माना एकदमच तिच्याकडे वळतील.

तू तेव्हा इथं असायला हवंस. तार मिळाली की निघ. पहिला तांब्या तूच ओत आणि कुणी तोंड उघडायच्या आत सांग, की या पोरीनं सासूला रोज पोटभर घातलं. तू बोललीस तर ऐकतील. या घरात ते विचारायची हिंमत फक्त तू केली होतीस.

तुझी,
ऐकारुवा